डिप्रेशन आपोआप जातं का? बऱ्याचदा जातं, पण जाताना काय काय घेऊन जातं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मिस्टरांचं गेलं वर्षभर कशातच लक्ष नाही, ऑफिसला कसेबसे जातात, घरी आले की आतल्या खोलीत जाऊन पडतात, पोरांशी धड बोलत नाहीत, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही, वजन उतरलंय, आणि डॉक्टरकडे जाऊया म्हटलं की "मी काय वेडा आहे का, होईल आपोआप ठीक" म्हणतात. सासूबाईंचंही तेच मत. आणि तुम्ही विचारताय की हे खरंच आपोआप ठीक होतं का, आणि दाखवलंच नाही तर असं काय बिघडणार आहे.

मी सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय. माणूस समोर न बघता निदान करता येत नाही त्यामुळे त्यांना डिप्रेशनच आहे असं मी इथून ठामपणे सांगणार नाही. पण मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता यातलं बरंच काही बिघडलेलं, असं दोन आठवडे रोजच्या रोज राहिलं तरी आम्ही ते गांभीर्याने घेतो, तुमच्याकडे वर्ष झालंय. दाखवायला हवं यात शंका नाही.

आता आपोआप जाण्याचं. हो, बऱ्याच जणांचं जातं. उपचार न घेता डिप्रेशनचा एक एपिसोड, म्हणजे एक फेरी, साधारण सहा महिने ते वर्षभर चालतो आणि मग बऱ्याचदा हळूहळू ओसरतो, काहींचा मात्र दोन वर्षांच्या पुढेही रेंगाळतो. हे आम्ही डॉक्टर लोक मोकळेपणाने सांगत नाही, कारण वाटतं सांगितलं तर पेशंट येणारच नाहीत. मला ते पटत नाही. घरातल्या मोठ्यांनी आयुष्यात असे दोन-चार जण आपोआप बरे झालेले पाहिलेले असतात, सासूबाईंनीही पाहिले असतील, मग आपण "छे, असं होतच नाही" म्हटलं की आपलं पुढचं काहीच ते ऐकत नाहीत. तर जातं हे खरं. मोडलेलं हाडही प्लास्टर न घालता जुळतंच की, फक्त वाकडं जुळतं, आणि पुढची सगळी वर्षं माणूस त्या वाकड्या हाडावर चालतो. त्यामुळे डिप्रेशन जाईल का यापेक्षा ते असेपर्यंत त्या माणसाच्या हातून काय काय सुटतं याची मला जास्त काळजी असते.

सगळ्यात आधी सुटतो तो निर्णय घेण्यातला शहाणपणा, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. डिप्रेशनमधल्या माणसाला "माझ्या मनात वाईट विचार येताहेत" असं वाटत नसतं, त्याला वाटतं आपल्याला आत्ता कुठे खरं दिसायला लागलंय, आपण नालायक आहोत, आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय, पुढे काही चांगलं होणार नाही. आणि ज्याला हे खरं वाटतं तो त्याप्रमाणे वागतो. माझ्याकडे आलेला एक माणूस, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते, हिशेबाच्या कामात अतिशय हुशार. त्याने पहाटे उठून राजीनामा टाइप केला. मी तो मेल वाचलाय. शुद्धलेखनाची एक चूक नाही, भाषा एकदम सभ्य, "माझ्या क्षमतेचा माणूस या पदावर असणं कंपनीवर अन्याय आहे" वगैरे. वरिष्ठांना वाटलं दुसरीकडे चांगली ऑफर मिळाली असणार, त्यांनी मंजूर करून टाकला. घरी महिनाभर कोणाला पत्ता नाही, हा रोज बॅग घेऊन वेळेवर बाहेर पडायचा आणि संध्याकाळी वेळेवर परत यायचा. नंतर उपचार सुरू झाले, दोन-अडीच महिन्यांत माणूस चांगला सुधारला, हसायला लागला, आणि मग एके दिवशी समोर बसून म्हणाला, "डॉक्टर, मी चांगला होतो हो कामात, मग मी असं का लिहिलं?" डिप्रेशन गेलं होतं, नोकरी परत आली नाही. असंच कोणी परीक्षेला बसत नाही, कोणी ठरलेलं लग्न मोडतं, कोणी चांगला चाललेला धंदा कवडीमोलाने विकून टाकतं, कोणी जिवलग मित्राचे फोन उचलायचे बंद करतं ते कायमचेच. आजार वर्षभराचा असतो पण त्या वर्षात केलेल्या सह्या पुढे वीस वर्षं चालतात. म्हणून तुम्हाला पहिली विनंती, डॉक्टरकडे जाणं होईल तेव्हा होईल, तोपर्यंत नोकरी, पैसा, घर, घटस्फोट असला कुठलाही मोठा निर्णय त्यांना एकट्याने घेऊ देऊ नका. "नको" म्हणू नका, वाद होतो. "दोन महिने थांबू, मग करू" म्हणा.

मग शरीर. लोकांना वाटतं मनाचा आजार मनात राहतो. १९९३ साली माँट्रियलला हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अटॅकनंतर डिप्रेशन असलेल्यांचा पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका बाकीच्यांपेक्षा तिपटीहून जास्त निघाला, आणि तोसुद्धा हृदय किती खराब झालंय हे हिशेबात धरून. त्यानंतर याच दिशेचे निष्कर्ष बरेच आले. कारणं बरीच आहेत, ताणाचं कॉर्टिसॉल हे हार्मोन सतत चढं राहतं, शरीरात एक बारीक सूज चालू राहते, रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, जास्त चिकट होतात, झोपेचं खोबरं झालेलं असतं. पण रोजच्या प्रॅक्टिसमध्ये जे दिसतं ते फार साधं असतं, माणूस स्वतःकडे बघायचंच सोडून देतो. बीपीची गोळी संपली, आणायला कोण उठणार. शुगर तपासायची, कशाला, काय उपयोग. चालायला जाणं बंद, सिगारेट वाढली, दात दुखतोय तर दुखू दे. २००० साली वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र तपासणी झाली त्यात असं दिसलं की डिप्रेशन असलेल्या पेशंटनी डॉक्टरांचं सांगणं न पाळण्याची शक्यता तिप्पट असते. त्यामुळे एखाद्याची शुगर औषधं वाढवून वाढवून आटोक्यात येत नसेल तर औषध बदलण्याच्या आधी एकदा मूड विचारा असं मी फिजिशियन मित्रांना कायम सांगते.

आणखी एक म्हणजे डिप्रेशन परत येतं. एकदा होऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात पुन्हा कधीतरी होतं, दोनदा झालेल्यांमध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास जातं, तीनदा झालेल्यांमध्ये ९०. आणि रॉबर्ट पोस्ट नावाच्या सायकियाट्रिस्टने १९९२ मध्ये मांडलेली एक गोष्ट आमच्या पाहण्यातही येते, पहिला एपिसोड बहुतेकदा मोठ्या धक्क्यानंतर येतो, कोणीतरी गेलं, नोकरी गेली, पण पुढचे पुढचे एपिसोड यायला तेवढा धक्काही लागत नाही, छोटंसं कारण पुरतं, कधी तर कारणच सापडत नाही. २००३ साली अमेरिकेत डिप्रेशन येऊन गेलेल्या ३८ बायकांच्या मेंदूचे स्कॅन बघितले, आठवणींशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग, ज्यांचे उपचाराविना गेलेले दिवस जास्त त्यांच्यात जास्त आक्रसलेला दिसला. अभ्यास लहान आहे, त्यावरून घाबरून जायचं कारण नाही. पण "बघू, थांबू, होईल" याची काहीतरी किंमत चालू असते हे मनात ठेवावं.

आता घर. इथे मला जास्त लिहायचंय, कारण तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नाहीये.

उपचार न घेतलेलं डिप्रेशन असलेलं घर हळूहळू त्या एका माणसाच्या मूडभोवती फिरायला लागतं. कोणी ठरवून करत नाही. टीव्हीचा आवाज कमी होतो, पाहुणे बोलावणं बंद होतं, सुट्टीत कुठे जायचं हा विषय निघत नाही, बिलं भरणं, शाळेच्या मीटिंगा, म्हाताऱ्यांची औषधं सगळं जोडीदाराच्या अंगावर येतं. पुरुषांमध्ये तर बऱ्याचदा रडणं वगैरे दिसतच नाही, दिसते ती चिडचिड, अबोला, किंवा रोजची दारू, त्यामुळे घरच्यांना तो आजारी वाटत नाही, वाईट वाटतो. बायकोला वाटतं याला आता मी नको झालेय. नवऱ्याला वाटतं आपण हिच्या लायकीचे नाही. दोघंही गप्प. अशी जोडपी माझ्याकडे "आमचं पटत नाही" म्हणून येतात आणि नीट विचारलं की लक्षात येतं, पटत होतं, दोन वर्षांपूर्वीपर्यंत छान पटत होतं. आणि सांभाळणारा माणूस स्वतःही आजारी पडायला लागतो, पाठदुखी, डोकेदुखी, झोप नाही, आणि शेवटी त्यालाही डिप्रेशन. तुम्ही तुमची झोप कशी आहे ते लिहिलं नाहीत, लिहिलंत तर बरं होईल.

पोरं तर सगळं बघत असतात. एक बाई आल्या होत्या, त्यांच्यासोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी, घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून आणलेली. आईशी बोलताना मी सहज मुलीच्या शाळेचं विचारलं तर आईला काहीच सांगता येईना. मुलीने दप्तरातून डायरी काढून दिली. सगळ्या पानांवर पालकांची सही होती. आई ती बघत राहिली, म्हणाली ही माझी सही नाही. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "तू झोपलेली असायचीस म्हणून मीच करते, बाई रागवतात ना नाहीतर." कित्येक महिने ती पोरगी आईची सही करत होती, सकाळी स्वतःची वेणी स्वतः घालत होती, धाकट्या भावाला उठवून तयार करत होती, आणि सगळ्यांना ती "किती समजूतदार" वाटत होती. अशी अकाली समजूतदार झालेली मुलं मला जास्त अस्वस्थ करतात. दंगा करणाऱ्या मुलाकडे कोणाचं तरी लक्ष जातं, हिच्याकडे कोण बघणार.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती मी प्रत्येक आईबापाला सांगते. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा भाग म्हणून डिप्रेशन असलेल्या आया आणि त्यांची ७ ते १७ वयाची मुलं यांच्याकडे बघितलं गेलं, उपचार चालू होते ते आईवर. तीन महिन्यांत ज्या आया पूर्ण बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधल्या मानसिक तक्रारींच्या निदानात ११ टक्क्यांनी घट झाली, ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांत ८ टक्क्यांनी वाढ झाली. फक्त तीन महिन्यांत. "स्वतःसाठी नाही तर पोरांसाठी चला" हे वाक्य भावनिक ब्लॅकमेल म्हणून वापरू नका, पण ही गोष्ट खरी आहे आणि ती शांतपणे सांगता येते.

समाजाचं म्हणाल तर आकडे प्रचंड आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात २८ कोटींहून जास्त लोकांना डिप्रेशन आहे, डिप्रेशन आणि अँग्झायटी (सततच्या चिंतेचा आजार) मिळून दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात आणि त्याचा फटका वर्षाला साधारण एक लाख कोटी डॉलरचा. आणि उपचारांवर घातलेल्या एका डॉलरमागे चार डॉलरचा फायदा परत मिळतो असा हिशेब २०१६ मध्ये मांडला गेला, म्हणजे पैशाच्या भाषेतसुद्धा उपचार न करणं हाच महागडा मार्ग आहे. तरी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मानसिक आजार असलेल्या ७५ टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत काहीच उपचार पोचत नाहीत. आणि या आकड्यांत न दिसणारंही बरंच आहे, रोज कामावर येऊन नुसता स्क्रीनकडे बघत बसणारा माणूस, त्याचं काम गुपचूप उरकणारी शेजारच्या टेबलवरची बाई, नवऱ्याला सांभाळायला नोकरी सोडलेली बायको.

आत्महत्येबद्दल लिहिणं भाग आहे. जगात दरवर्षी सात लाखांहून जास्त लोक आत्महत्या करतात. डिप्रेशन असलेला प्रत्येक जण त्या वाटेला जात नाही, बहुतेक जण जात नाहीत, पण उपचार न घेतलेलं डिप्रेशन हे त्यामागचं एक मोठं कारण आहे, आणि डिप्रेशनचं प्रमाण बायकांत जास्त असलं तरी आत्महत्येने जाणारे पुरुष जास्त असतात. तुम्हाला भीती वाटेल की हा विषय काढला तर त्यांच्या डोक्यात नको ते येईल. तसं होत नाही, यावर बराच अभ्यास झालाय, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. तेव्हा एकांतात, मोबाइल बाजूला ठेवून, सरळ विचारा: "जगणं नको असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का?" हो म्हणाले तर ओरडू नका, शपथा घालू नका, ऐकून घ्या, एकटं सोडू नका, घरात जिवाला धोका होईल असं जे काही आहे ते हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर, हेल्पलाइन किंवा हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा. अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणि फार दिवस खचलेला माणूस अचानक एकदम शांत झाला, हिशेब पूर्ण करायला लागला, आवडत्या वस्तू वाटायला लागला तर "सुधारला" समजून निर्धास्त होऊ नका.

आता मिस्टरांच्या मनातली भीती. बहुतेकांच्या मनात "गोळ्या चालू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत" हे पक्कं बसलेलं असतं. डिप्रेशनच्या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. मात्र मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो म्हणून हळूहळू कमी करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थपणा असे साइड इफेक्ट आधी येतात आणि फायदा नंतर, त्यामुळे खूप जण दहा दिवसांत "मला सूट होत नाही" म्हणून सोडून देतात. हे आधीच माहीत असलं तर टिकाव लागतो. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायच्या, परत येऊ नये म्हणून. पहिलं औषध सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, बदलावं लागू शकतं, तेही सांगून ठेवते. कधीकाळी त्यांना झोप न घेता भरपूर उत्साह, बेफाम खर्च, मोठमोठ्या योजना असा काळ आला होता का ते आठवून डॉक्टरांना जरूर सांगा, कारण तो बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह कधी उदासी असा आजार, असेल तर औषधं वेगळी लागतात. थायरॉइड, बी१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या, कधी कधी गोम तिथेच असते. आणि सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये नुसती बोलण्याची थेरपीही गोळ्यांच्या तोडीची ठरते. झिंबाब्वेत तर प्रशिक्षण दिलेल्या आज्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांशी सहा बैठकांत बोलतात, फ्रेंडशिप बेंच म्हणतात त्याला, २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली आणि सहा महिन्यांनी त्या लोकांची लक्षणं खरंच कमी झालेली होती.

त्यांना तयार कसं करायचं? डिप्रेशन हा शब्दच वापरू नका, आणि वेडा आहे की नाही यावर वाद तर अजिबात घालू नका, त्या वादात कोणी जिंकत नाही. "तुमची झोप गेली आहे आणि वजन उतरलंय, त्याचं बघूया" म्हणा, हे त्यांनाही मान्य असेल, आणि आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे गेलात तरी चालेल, तिथून पुढचा रस्ता सोपा होतो. सासूबाईंना विरोधात ठेवू नका, त्यांना सोबत घ्या, बऱ्याचदा आईने एकदा "जाऊन ये बाळा" म्हटलं की गाडी हलते. "मन रमव, व्यायाम कर, पॉझिटिव्ह राहा" हे बोलणं बंद करा, ज्याला आंघोळीला उठायला तासभर लागतो त्याच्या ते मनाला लागतं. त्यापेक्षा संध्याकाळी "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणून चपला घाला, आले तर आले.

जाताना एका कागदावर लिहून न्या: हे कधीपासून आहे, झोप किती वाजता तुटते, वजन किती उतरलं, कामावर किती दांड्या झाल्या, दारू किती, आधीची औषधं कोणती, घराण्यात कोणाला असा त्रास किंवा आत्महत्या झाली होती का. आत गेल्यावर पेशंट "मी ठीक आहे" म्हणतो आणि अर्धी माहिती बाहेरच राहते. आणि ऐनवेळी त्यांनी यायला नकार दिला तर अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका, तुम्ही एकट्या जा. तो अर्धा तास तुमच्या झोपेबद्दल बोलायलाही वापरता येतो, आणि घरच्यांनी आधी येऊन बोलल्यावर पेशंट पुढच्या वेळी दारात उभा असलेला मी पुष्कळदा पाहिलाय.